धोप, दांडपट्टा आणि वाघनखांच्या प्रतिकृती घेताना काय तपासायचं?

पायवाट_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. दिवाणखान्यात तीन प्रतिकृती ठेवायच्या आहेत: धोप (लांब, सरळ पात्याची तलवार), दांडपट्टा आणि वाघनखं. धोप कायम भिंतीवर राहील. दांडपट्टा मात्र शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकात हातात घ्यायचा आहे. फोटोत अगदी सारखी दिसणारी धोप एक विक्रेता दोन हजारांना देतो, दुसरा बारा हजार सांगतो. फरक नेमका कुठे असतो? "फुल टँग" (पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत) आणि "दमास्कस" (लाटांसारखी नक्षी असलेलं थरांचं पोलाद) या शब्दांवर किती विश्वास ठेवावा? घर समुद्रापासून जवळ आहे, त्यामुळे गंजाचाही प्रश्न आहे. आणि परवाना लागतो का, यावर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

शिकल_आणि_म्यान

आधी धोपेचं बोलू. फरक पोलादात, जाडीत आणि मुठीच्या आत असतो, आणि फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

दोन हजारांची धोप बहुतेक वेळा 420 स्टेनलेसच्या पत्र्यातून कापलेली असते. टेकवून ठेवायला ती पुरते, गंजतही कमी. पण तिच्या टँगला (मुठीत शिरणाऱ्या भागाला) बरेचदा 6 मिमीचा आट्यांचा रॉड वेल्ड केलेला असतो आणि मागून नट आवळलेला. चार वेळा जोरात फिरवली की पातं नेमकं त्या वेल्डपाशी तुटतं आणि तीन फुटांचं पोलाद समोरच्याच्या दिशेने सुटतं. अशी तलवार मिरवणुकीत कुणाच्याही हातात देऊ नका, मग ती कितीही बोथट असो.

हाताळायची असेल तर ईएन45 किंवा ईएन9 जातीचं पोलाद मागा. ईएन45 हे स्प्रिंगचं पोलाद. ट्रकच्या कमानपाट्यांचं पोलादही याच जातकुळीचं, म्हणून गावठी भट्टीवर त्याचीच पाती जास्त होतात. पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही, पाणी (तापवून थंड करून आणलेला कणखरपणा) नीट दिलेलं हवं. हौशी वापराच्या पात्याला 48 ते 52 एचआरसी (रॉकवेल मापावर) कठीणपणा ठीक. त्यापेक्षा कडक असेल तर तुकडा उडतो, मऊ असेल तर वाकलेलं तसंच राहतं.

"फुल टँग" हा शब्द आपल्या शस्त्रांना नीट लागूच होत नाही. जुन्या हिंदुस्थानी तलवारीची मूठ आतून पोकळ असते. टँग आखूड, आणि ती लाखेत विटेची पूड वगैरे मिसळून त्या पोकळीत बसवलेली. तो दोष नव्हे, ती आपली पद्धतच आहे. त्यामुळे विक्रेत्याला असे प्रश्न विचारा: टँगची लांबी किती (निदान 3 इंच हवी), पात्याला लागून रुंदी किती (20 मिमीच्या खाली नको), आणि टँग व पातं जिथे मिळतात तिथला कोपरा गोलवलाय का? काटकोनात कापलेला कोपरा दिसायला सफाईदार, पण तडा तिथूनच सुरू होतो. मूठ बसवण्याआधीचा टँगचा फोटो मागा. जो कारागीर आहे तो पाठवतो. नुसता विकणारा टाळाटाळ करतो.

जाडीसाठी व्हर्नियर कॅलिपर घेऊनच जा. अस्सल पातं मुठीपाशी 5 ते 6 मिमी आणि पिपळ्याकडे (टोकाकडे) उतरत उतरत 2 ते 3 मिमी होतं. पत्र्यातून कापलेलं पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचं असतं, म्हणून हातात घेतल्यावर सगळं वजन पुढे ओढतं. धोप लांब आणि सरळ, तिच्या खंड्यासारख्या मुठीलाही वजन असतं, तेव्हा एकूण 1.1 ते 1.4 किलो समजू शकतो. दोन किलोची असेल तर ती लोखंडाची पट्टी आहे. पातं बोटावर आडवं तोलून बघा. तोल मुठीपासून 5-6 इंचांवर आला तर बनवणाऱ्याला काम कळतं.

स्वस्त "दमास्कस"मध्ये लाटा बहुधा ॲसिडने किंवा लेझरने वरवर उमटवलेल्या असतात. मुठीजवळच्या झाकल्या कोपऱ्यात 600 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून बघू द्या म्हणावं. खऱ्या थरांच्या पात्याला पुन्हा ॲसिड लावलं की नक्षी परत वर येते, छापलेली नक्षी कायमची जाते.

एक कळकळीची विनंती. पात्यावर लेझरने "भवानी" कोरून घेऊ नका. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची जी तलवार राज्य शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली, तिचं पातं युरोपीय बनावटीचं आहे आणि त्यावर सोन्याच्या अक्षरांत मालकाचं नाव आणि "फिरंग" (युरोपीय पात्याची तलवार) असा शब्द आहे. जुन्या लेखाची अक्षरं, जागा आणि माप अशी त्या त्या वस्तूचीच असतात. प्रतिकृती करायचीच तर अशा एका ठरावीक वस्तूची करा. पुण्याचं केळकर संग्रहालय, औंधचं भवानी संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, यांपैकी कुठेतरी उभं राहून मुठीची परज (बोटांवरून जाणारी वळणदार पट्टी) कशी वळते ते नीट बघा आणि कारागिराला तेच सांगा.

कलम_चार

परवान्याबद्दल लिहितो, कारण अर्धवट माहितीवर लोक कुरिअरने तलवारी मागवतात आणि पार्सल घ्यायला पोलीस येतात.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 4 नुसार, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागात ठरावीक वर्णनाची शस्त्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. नियमांच्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले येतात, आणि 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची तशीच इतर शस्त्रंही. घरगुती, शेतीची, उद्योगाची हत्यारं वगळलेली आहेत, म्हणून कोयता चालतो, तलवार नाही. बातम्यांत "4/25" वाचता ते हेच: कलम 4 चा भंग, कलम 25 खाली शिक्षा.

"धार नाही म्हणजे प्रश्न नाही" हा सगळ्यात घातक गैरसमज. कायद्याच्या व्याख्येतून सुटतात ती फक्त अशी शस्त्रं, जी खेळण्यापलीकडे वापरता येत नाहीत आणि वापरण्याजोगी करताही येत नाहीत. ईएन45 चं बोथट पातं ग्राइंडरवर तासाभरात धारदार होतं, तेव्हा ते खेळणं ठरेल असं धरून चालू नका. ॲल्युमिनियम, लाकूड, फायबर यांची बाजू बरीच भक्कम.

त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 37 आहे. सणासुदीला आणि निवडणुकीत या कलमाखाली मनाई आदेश निघतात, आणि त्यात तलवारी, भाले, काठ्या घेऊन फिरायला बंदी असते. तुमच्या प्रात्यक्षिकासाठी मंडळाच्या नावाने पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करा. त्यात शस्त्रांची संख्या, कशाची बनवली आहेत, बोथट आहेत हे, तारीख-वेळ आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. पोच घ्या आणि परवानगीची प्रत शस्त्रांसोबतच ठेवा. तुमच्या जिल्ह्यात कलम 4 ची अधिसूचना लागू आहे का, हेही तिथेच किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. मगच पैसे भरा.

विमानात हातातल्या सामानात पातं चालत नाही. आणि जुन्या बाजारात "आजोबांची तलवार" म्हणून शंभर वर्षांहून जुनं काही हाती लागलं तर ते 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतं. अशी वस्तू परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येत नाही.

पायवाट_रत्नागिरी

शिकल_आणि_म्यान, कलम_चार, दोघांचे मनापासून आभार. मग धोप ॲल्युमिनियमची घ्यावी असं दिसतंय. दांडपट्टा मात्र ॲल्युमिनियमचा चालेल का? आणि एका विक्रेत्याने "खोबळा (हातावर चढणारी धातूची मूठ) पात्याला पक्का वेल्ड केलाय, कधीच हलणार नाही" असं सांगितलंय. ते चांगलं ना?

पट्टेकरी

नाही दादा, तिथेच घात आहे.

दांडपट्ट्याचं पातं लवचीक पोलादाचं असतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीलगतच्या पट्टीचं पाणी बिघडतं. तिथे ते ठिसूळ होतं किंवा मऊ पडतं. दांडपट्टा फिरताना सगळा पीळ खोबळ्याच्या तोंडाशी येतो, म्हणजे बरोबर त्याच जागी. आधी केसासारखी बारीक काळी रेघ दिसते, मग एके दिवशी पातंच सुटतं. जुन्या पद्धतीत खोबळ्यापासून दोन पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी पुढे येतात आणि पातं त्यांच्यात रिव्हेटने धरलेलं असतं. रिव्हेट सैल होतात हे खरं, पण सैल झाल्याचं कळतं. पातं किंचित खटखटतं, तेव्हा थांबता येतं. निदान तीन रिव्हेट हवेत, मऊ लोखंडाचे, आणि एका ओळीत नकोत. पात्याला पाडलेल्या भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात, नाहीतर तडा भोकातून निघतो.

घेताना टोक लाकडी फळीवर टेकवून पातं हळूहळू वाकवा, मध्यभागी साधारण वीतभर. सोडल्यावर ते सरळ रेषेत परत आलं पाहिजे. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघितलं की अर्ध्या सेंटिमीटरचा वाकही दिसतो. वाक राहिला तर घेऊ नका, "ठोकून सरळ करतो" म्हणाले तरी नको.

ॲल्युमिनियम दांडपट्ट्याला चालत नाही. ते वाकलं की वाकलेलंच राहतं, आणि पुन्हा पुन्हा सरळ केलं की तुटतं. प्रात्यक्षिकाला बोथट स्प्रिंग पोलादच हवं, म्हणून वर सांगितलेली लेखी परवानगी तुमच्यासाठी अटळ आहे. कडा 1.5 ते 2 मिमी जाड आणि गोल, टोक रुपयाच्या नाण्यासारखं अर्धवर्तुळाकार.

खोबळा हाताच्या मापाचाच करून घ्या, कारण यात मनगट वळवायला जागाच नसते. आतला आडवा दांडा मुठीत धरल्यावर बोटांची पेरं समोरच्या पत्र्याला लागता कामा नयेत, एक बोटभर फट ठेवा. कोपराकडची पट्टी बांधल्यावर आत दोन बोटं सहज जायला हवीत. घट्ट असेल तर हाडाला काचते, ढिली असेल तर प्रत्येक फेकीला खोबळ्याची कड हातावर आपटते. आतून जाड सुती कापडाची गादी लावा, पण ती काढून धुता आली पाहिजे. चिकटवलेली गादी घाम धरून ठेवते आणि खोबळा आतून सडतो.

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केल्यापासून मागणी वाढली आहे आणि घाईत वेल्ड केलेला मालही वाढलाय. प्रत्येक सरावाआधी रिव्हेट अंगठ्याने दाबून बघा आणि पट्ट्यांच्या तोंडाशी पातं फडक्याने पुसून रेघ शोधा. प्रेक्षक निदान 5 मीटर लांब, आणि पट्टेकऱ्याच्या समोरच्या सरळ रेषेत कुणीही नको.

वाघनखांबद्दल थोडंच. ओतीव लोखंडाच्या कड्या घेऊ नका, फरशीवर पडल्या की दुभंगतात. दोन्ही टोकांच्या कड्या बोटांत सहज जाऊन सहज निघाल्या पाहिजेत. नखांची टोकं कानशीने गोल करा आणि काचेच्या पेटीतच ठेवा. घरी पाहुण्यांची मुलं आली की सगळ्यात आधी त्यांचा हात वाघनखांकडे जातो.

खारी_हवा

गंजाचं मी सांगते. कोकणात पोलाद पावसाने कमी गंजतं, हवेतल्या मिठाने आणि हाताच्या घामाने जास्त. म्हणूनच पहिले डाग नेमके मुठीलगत, अंगठा टेकतो तिथे उठतात, मोहरीएवढे, नारिंगी.

हाताळून झालं की पातं कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोटांचे ठसे काढा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. पात्यावर तेल ओघळताना दिसलं तर ते जास्त झालं, त्याला धूळ चिकटते आणि धूळ ओल धरते. खोबरेल, गोडेतेल अजिबात नको. ते खवट होऊन चिकट थर बनतो आणि त्याच्याखाली गंज शांतपणे वाढतो. जी वस्तू फक्त भिंतीवर राहणार, तिला तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. संग्रहालयांत धातूला तेच लावतात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बघा, एरवी दोन महिन्यांनी. डाग दिसलाच तर 0000 नंबरची स्टील वूल तेलात बुडवून, पात्याच्या लांबीच्या दिशेनेच घासा. गोल गोल घासलं की उजेडात चरे दिसतात.

म्यानात ठेवून देऊ नका. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं ओलीबरोबर पात्याला खातात. मखमलीच्या म्यानात आतलं लाकूड आणि गोंद ओल धरतात. म्यान शेजारी वेगळं लावा.

खंडेनवमीला आदल्या दिवशी मेणाचा थर द्या. हळद-कुंकवाची बोटं मुठीवर किंवा शस्त्राखाली ठेवलेल्या विड्याच्या पानावर लावा, पात्यावर नको. ओल्या झेंडूच्या पाकळ्या रात्रभर पात्यावर राहिल्या तर सकाळी प्रत्येक पाकळीखाली तिचाच आकार उमटलेला असतो. लिंबू तर पात्याला टोचूच नका, रस जिथे ओघळतो तिथे पोलाद करडं पडतं. पूजा झाली की त्याच संध्याकाळी पुसून तेल. पितळी मूठ चिंच-लिंबाने किंवा आम्ल असलेल्या पावडरीने उजळवू नका, ते मुठीच्या फटीत शिरतं आणि आतून टँग खातं.

सिलिका जेल फक्त बंद पेटीतच उपयोगी. वाघनखांच्या पेटीला 50 ग्रॅमच्या दोन पुड्या पुरे. रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरा.

भिंत निवडताना पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा. नव्या इमारतीत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र) विटा असतील तर साधा प्लग फिरतो आणि महिन्याभरात निघतो, त्या विटांसाठीचा लांब नायलॉन प्लगच घ्या. पक्क्या विटेत 8 मिमीचं भोक, 8 चा प्लग, 50 मिमीचा स्क्रू. हुकांना नमदा किंवा रबरी नळी चढवा, आणि परजेतून एक पारदर्शक नायलॉन दोरी भिंतीला बांधा.

शिकल_आणि_म्यान

एक राहिलं. लाखेत बसवलेली मूठ कालांतराने खळखळू लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पात्याच्या मुठीजवळच्या भागाला ओलं फडकं गुंडाळा आणि मूठ हॉट एअर गनने बाहेरून सावकाश तापवा. लाख 80 अंशांच्या आसपास नरम पडते, मग पातं ओढून निघतं. जुनी लाख खरवडा, दोन भाग लाखेला एक भाग चाळलेली विटेची पूड वितळवून ओता, टँग तापवून आत दाबा आणि पातं मुठीच्या रेषेत आहे ना हे बघत दहा मिनिटं तसंच धरून ठेवा. टँगवर निळसर झाक आली तर फार तापवलंत, ती पुढे पात्यात जाऊ देऊ नका. दांडपट्ट्याला मात्र लाख नाही, तिथे रिव्हेटच.

इपॉक्सी अधिक पक्कं धरतं, पण पुन्हा काढता येत नाही. नव्या प्रतिकृतीला चालेल, जुन्या वस्तूला कधीच नको. आणि लाखेची मूठ असलेली तलवार उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, काचेमागच्या उन्हानेही लाख नरमते.