'पासिंग'मधली आयरीन म्हणे वंशाशी इमानदार!

उत्तररात्र (धागाकर्ती): कालच्या धाग्यावर कुणीसं लिहिलंय, की नेला लार्सन या अमेरिकन लेखिकेच्या 'पासिंग' कादंबरीतली (१९२९) क्लेअर म्हणजे रंग लपवून गोऱ्यांत नांदणारी मतलबी बाई, आणि आयरीन हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या काळ्यांच्या वस्तीत, राहून वंशाशी इमान राखणारी. दोघी काळ्या वंशाच्या, पण दिसायला गोऱ्या. अहो, दोघी भेटतात कुठे? शिकागोतल्या ड्रेटन हॉटेलच्या गच्चीवर. आयरीनला तिथे चहा मिळतो तो गोरी समजली गेली म्हणून. समोरची बाई टक लावून बघते, तर हिच्या पोटात गोळा: ओळखलं की काय? इमान तेव्हा कुठल्या पर्समध्ये होतं? ती सोयीपुरतं लपवते आणि वर क्लेअरला नीती शिकवते. मला तर खरी कुतरओढ तिच्यातच दिसते.

चहाटळ: एक कप चहा आणि अख्खा जन्म सारखाच का? क्लेअरने काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्या बेल्यूशी लग्न केलं. तो लाडाने तिला 'निग' म्हणतो, काळ्यांसाठीची शिवीच ती, आणि ही हसते!

उत्तररात्र: आयरीनही तिथेच बसून हसते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ते पान गाळलंत.

निवृत्त मास्तर: मुळात 'पासिंग'ला, म्हणजे खरी ओळख लपवून वावरण्याला, मराठीत शब्द नाही ही नेहमीची रड बंद करा. दलित कथाकार बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच देऊन ठेवलाय: 'जेव्हा मी जात चोरली होती'. चोरणे! स्वतःचीच वस्तू चोरायची. पण आपल्याला इंग्रजी शब्द मिरवायचे असतात.

तर्कट: झालं, आली जात. कातडीचा रंग दिसतो, जात दिसत नाही. तुलना बाद.

उत्तररात्र: क्लेअरचा तरी कुठे दिसत होता? दिसला असता तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याला १९२४ चा कायदा कशाला लागता? आफ्रिकन रक्ताचा मागमूसही असला की माणूस गोरा नाही. डोळ्यांना कळेना म्हणून कागद तपासायचे.

नांदेडची लेक: शहरात खोली बघताना घरमालकिणीने आडनाव विचारलं. पप्पांनी गावाच्या नावावरून एक ठोकून दिलं. अकरा महिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, साड्यांखाली. शेजारीण आली की आई आधी ट्रंकेकडे बघायची. क्लेअरला मतलबी म्हणणाऱ्यांना कधी आडनाव विचारलंय का कुणी?

चहाटळ: ताई, तुमच्या आईबद्दल आदरच आहे. पण डोक्यावर छप्पर हवं म्हणून लपवणं वेगळं, श्रीमंत नवऱ्यासाठी वेगळं. क्लेअर काही उघड्यावर पडली नव्हती.

नांदेडची लेक: क्लेअरचा बाप दारुडा, दारूच्या गुत्त्यात मारामारीत मेला. मग त्याच्या गोऱ्या आत्यांकडे पोरगी मोलकरणीसारखी राबली. पुस्तक वाचलंय की नुसता २०२१ चा सिनेमा? आणि आदर राहू द्या तुमच्याजवळ.

तर्कट: प्रत्येक धाग्यावर हेच. साहित्यावर बोला की.

निवृत्त मास्तर: बागुल साहित्य नाहीत वाटतं?

चहाटळ: बरं बाई, आत्यांचं विसरलो होतो. चहाचंही मान्य, आयरीन ढोंगी. पण शेवटी सहाव्या मजल्याच्या खिडकीतून क्लेअर पडते, तेव्हा आयरीनचा हात तिच्या दंडावर होता. ढकललं का, हे लार्सनबाई सांगत नाहीत. आता तो खूनही तुम्ही तिच्याच नावावर घालणार ना?

उत्तररात्र: घालणारच. तेवढी खिडकीजवळची दोन पानं परत वाचून या, मग भांडू.