डोळा, अंकुर, कोंब, धुमारा, पालवी: वसंताच्या पहिल्या खुणांना नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न

हिवाळा सरताना बागेत काय कधी दिसलं याची नोंद ठेवायची आहे. "कळ्या फुगल्या", "कोंब आले", "पालवी फुटली" असं लिहिलं, तरी पुढच्या वर्षी वाचताना त्यातून अवस्था नेमकी कळत नाही. फांदीवर पानाच्या बेचक्यात जो टणक, बंद ठिपका असतो त्याला कळी म्हणायचं की अंकुर? छाटणीच्या आणि फवारणीच्या सूचनांतही "कळी अवस्थेत" असं असतं. ती अवस्था कोणती धरायची?

प्रतिसाद

त्या ठिपक्याला डोळा म्हणा. बागायतदारांचा तोच शब्द आहे. गुलाबाचं कलम करताना "डोळा भरतात", उसाच्या बेण्यावर डोळे मोजतात, बटाट्यालाही डोळेच असतात. कळी हा शब्द फुलासाठी राखून ठेवावा. डोळ्यातून पान निघेल, फांदी निघेल किंवा फूल, पण कळीतून फक्त फूल निघतं.

हा फरक पाळला नाही तर काम चुकतं. पीचची पानं फुगून, लालसर होऊन मुरडतात तो बुरशीचा रोग घ्या. त्यावरचं ताम्रयुक्त बुरशीनाशक पानगळ झाल्यावर आणि डोळे फुगण्याआधी फवारायचं असतं. सूचनेत "कळ्या फुगण्याआधी" असं छापलेलं असेल, तर वाचणारा गुलाबी कळी दिसेपर्यंत थांबतो. तोवर डोळ्याचे खवले सैल होऊन बुरशी आत शिरलेली असते. मग कितीही फवारलं तरी त्या हंगामात उपयोग नाही.

प्रतिसाद

डोळा हा शब्द मान्य, पण डोळ्याच्याही अवस्था वेगळ्या लिहायला हव्यात. सफरचंदाच्या झाडावर हा क्रम स्पष्ट दिसतो: टणक डोळा, फुगलेला डोळा (खवले सुटून टोक चंदेरी दिसतं), हिरवं टोक, घट्ट गुच्छ, गुलाबी कळी, पूर्ण फुलोरा. "कळी" हा शब्द गुच्छ सुटून एकेक कळी वेगळी दिसू लागल्यावरच लागू होतो.

थंडी सोसण्याची ताकद या क्रमाने घटत जाते. सफरचंदाचं चंदेरी टोक असताना उणे 9.4 अंश सेल्सिअसला अर्धा तास राहिलं तर साधारण दहा टक्के डोळे मरतात. पूर्ण फुलोऱ्यात तेवढंच नुकसान उणे 2.2 अंशांनाच होतं, आणि उणे 3.9 ला नव्वद टक्के फुलं जातात. म्हणून नोंदीत नुसतं "झाड जागं झालं" लिहून भागत नाही. रात्री झाडावर आच्छादन घालायचं की नाही, हे कोणती अवस्था आहे यावर ठरतं.

प्रश्नकर्ता

पान देणारा डोळा आणि फूल देणारा डोळा उघडण्याआधी ओळखता येतो का? आणि त्यांना वेगळे शब्द आहेत का?

प्रतिसाद

पुष्कळ फळझाडांत ओळखता येतो. पानाचा डोळा सडपातळ, टोकदार आणि फांदीला चिकटलेला असतो, तर फुलाचा गुबगुबीत आणि गोलसर. सफरचंद, नासपतीत फुलाचे डोळे बहुतेक आखूड, सुरकुतलेल्या उपफांद्यांच्या टोकाला असतात. पीचमध्ये बऱ्याचदा एका जागी तीन डोळे दिसतात, मधला पानाचा आणि बाजूचे दोन फुलांचे. शब्द साधेच ठेवावेत, "पानाचा डोळा" आणि "फुलाचा डोळा". पर्णकलिका, पुष्पकलिका हे शब्द पुस्तकात ठीक आहेत, पण त्यांतही "कलिका" आल्यामुळे पुन्हा तोच गोंधळ होतो.

मोठ्या पानांच्या हायड्रेंजियात हे ओळखणं फार महत्त्वाचं. त्याची फुलं गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्यावरच्या जाड डोळ्यांतून येतात. वाळकी फुलं काढताना काडी मधोमध कापली तर त्या वर्षीची फुलं गेली. शेंड्याकडून खाली येताना जी पहिली टपोरी जोडी लागते, तिच्या लगेच वर कापायचं.

प्रतिसाद

अंकुर आणि कोंब यांत मी असा भेद करतो: अंकुर बीमधून, कोंब कंदातून, गड्ड्यातून किंवा जमिनीखालच्या खोडातून. आलं, हळद, बटाटा, नार्सिसस यांना कोंब येतात. वाटाण्याला, टोमॅटोच्या बीला अंकुर फुटतो. बोलताना लोक अदलाबदल करतात, त्याला हरकत नाही, पण नोंदवहीत पाळावा.

लागवडीच्या बटाट्याला आधी कोंब आणतात तेव्हा "डोळा" आणि "कोंब" हे दोन्ही शब्द लागतात. जास्त डोळे असलेलं टोक वर करून बटाटे एका थरात, उजेडात पण थेट उन्हात नाही, दहा अंशांच्या आसपास ठेवायचे. कोंब दीड ते अडीच सेंटिमीटर, आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे व्हायला हवेत. अंधारात ठेवले तर ते लांब, पांढरे आणि ठिसूळ होतात आणि लावताना मोडतात.

प्रतिसाद

अंकुराच्या जोडीने "रुजणं" आणि "उगवणं" हेही वेगळे ठेवा. बी रुजतं म्हणजे आतून मूळ बाहेर पडून मातीत शिरतं. कडधान्याला मोड येतो तो मुख्यतः हाच मुळाचा भाग. बी उगवतं म्हणजे रोप मातीच्या वर दिसतं. "रुजलं पण उगवलं नाही" हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि तसं होण्याची कारणंही ठरलेली आहेत: बी फार खोल गेलं, पाणी देऊन मातीवर पापुद्रा धरला, किंवा माती थंड आणि ओली राहून कोवळं मूळ कुजलं. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल टाकावं. वाटाणा पाच अंशांच्या मातीतही सावकाश रुजतो. घेवड्याला निदान पंधरा अंश हवेत, त्याहून गार मातीत तो सडतो. टोमॅटोला 25 ते 30 अंश असले की उगवण चटकन होते. तापमान हवेचं नाही, मातीचं धरायचं, पाच सेंटिमीटर खोल आणि सकाळी मोजलेलं.

उगवल्यावर आधी दिसतात ती बीजपत्रं, म्हणजे बीच्या आत आधीच असलेली पानं. नोंदीत "दोन पानं आली" असं लिहाल तर ती बीजपत्रं की खरी पानं, हे लिहायला विसरू नका. रोप वेगळ्या कुंडीत हलवायचं ते खऱ्या पानांची पहिली जोडी आल्यावर.

प्रश्नकर्ता

धुमारा, फुटवा, पाणसोट हे शब्द राहिले. तिन्ही म्हणजे नवी फूटच ना?

प्रतिसाद

फूट तिन्हींत आहे, पण फुटवा हा सर्वांत व्यापक शब्द. बाजूने किंवा बुंध्यातून येणारी कुठलीही नवी वाढ म्हणजे फुटवा. धुमारा त्यातला जोमदार, रसरशीत, बहुधा जुन्या खोडातून किंवा छाटलेल्या जागेखालून उसळलेला. जून फांदी कापल्यावर येतो तो धुमारा, आणि तो हवाच असतो, त्यातूनच झाड नवं होतं. पाणसोट म्हणजे सरळ उभा वाढणारा, पेरं लांब असलेला, पानं मोठी पण फूल-फळ सहसा न देणारा. तो कोवळा असतानाच बुडाशी धरून ओढून काढावा. कात्रीने कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दोन-तीन नवे येतात.

कलमी गुलाबात आणखी एक येतो तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं त्याचा, फुटवा. कलमाच्या जोडाच्या खालून निघतो, आणि पानं बाकीच्या झाडापेक्षा वेगळी दिसतात. माती बाजूला सारून तो मुळाशी जिथून निघालाय तिथून उपटायचा. ठेवला तर काही वर्षांत वरचं कलम मागे पडतं आणि खुंटच वाढतो.

प्रतिसाद

गुलाबाची छाटणी कधी, याचं उत्तरही डोळ्यातच आहे. डोळे फुगून लालसर झाले, पण पान अजून उलगडलं नाही, ती वेळ. बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या वर पाच-सहा मिलिमीटरवर तिरका काप द्यायचा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. फार वर कापलं तर वरचा तुकडा वाळून मर खाली उतरते, फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो.

काडीवर काहीच हालचाल नसेल तर ती मेली असं लगेच लिहू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर ती विश्रांतीत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली. शेंड्याकडून खाली येत दोन-तीन जागी तपासा, कारण शेंडा मेलेला आणि बुडखा जिवंत हे नेहमीचं आहे.

प्रश्नकर्ता

मग पालवी कधीपासून म्हणायची? आणि फुलांना मोहोर, बहर की फुलोरा?

प्रतिसाद

पालवी हा शब्द पल्लवापासून आला, आणि तो उलगडलेल्या कोवळ्या पानांसाठीच वापरावा. हिरवं टोक दिसणं म्हणजे पालवी नाही. निदान एक पान सुटं होऊन त्याचं पातं दिसलं की पालवी. रंग लालसर किंवा तांबूस असला तर रोग समजू नका, बऱ्याच झाडांच्या कोवळ्या पानांत तो रंग असतो आणि पान जून झालं की जातो. चिंता करायची ती शेंडे चिकट होऊन पानं वळली तर. तो मावा, आणि नत्रयुक्त खत लवकर व जास्त दिलेल्या झाडावर तो हमखास येतो. थोडा असेल तर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा पुरतो.

मोहोर हा शब्द आंबा, काजू अशा झुपक्यांनी फुलणाऱ्या झाडांसाठी नेमका आहे. चेरी, सफरचंदाला फुलोरा बरा. बहर हा फुलण्याचा हंगाम. म्हणून "बहर आला" आणि "फुलोरा आला" या एकच नोंद नाहीत: पहिलं उमललेलं फूल दिसलं तो दिवस फुलोऱ्याच्या सुरुवातीचा, आणि निम्म्याहून अधिक फुलं उमलली तो बहराचा. दोन्ही तारखा वेगळ्या लिहा. शक्य असेल तर दर वर्षी तेच झाड आणि तीच फांदी बघा, कारण भिंतीकडची उबदार बाजू मोकळ्या बाजूपेक्षा आधी फुटते.