मदत हवी आहे: सरावानंतरच्या चर्चेत कनिष्ठ अधिकारी बोलतच नाहीत

नमस्कार मंडळी. सैन्यात नव्याने कमिशन मिळालेल्या, म्हणजे अधिकारी म्हणून नुकतीच नेमणूक झालेल्या तरुणांना मी नेतृत्वाचं प्रशिक्षण देतो. सराव संपल्यावरच्या चर्चेत गाडी अडते. काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, हे सगळं विचारतो. पण वरिष्ठ समोर बसले की कनिष्ठ गप्प. चूक कबूल करायला कोणी धजत नाही, आणि खरं शिकणं तर तिथेच असतं!

प्रशियाच्या (आताच्या जर्मनीतलं जुनं राज्य) सैन्याने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. तसा सराव आधी घेतला तर भीड चेपेल का? की वरिष्ठांनीच आधी स्वतःची चूक सांगावी? मला हे जास्त पटतं, पण शिस्त सैल होईल असं सहकारी म्हणतात. ज्यांनी प्लाटून (सैनिकांची छोटी तुकडी) सांभाळली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगा.