साखळीत हॅश असावा, मजकूर नव्हे
ऑनलाइन छळ रोखण्यासाठी प्रत्येक संदेश ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या नोंदींच्या साखळीत, नोंदवल्यास छळणारा सापडेल, अशी सूचना केली जाते; तिच्याशी मी अंशतःच सहमत आहे. जी नोंद पुसता येत नाही, तीत बदनामीचे छायाचित्रही कायमचे राहील. आणि वाड्यावर सगळे एकमेकांना ओळखतात अशा आपल्या गोव्यात ते पीडितेलाच अधिक जाचेल. त्याऐवजी स्क्रीनशॉटचे केवळ एसएचए-२५६ हॅशमूल्य (फाइलमधून ठरावीक गणिती पद्धतीने काढलेला, फाइल जराही बदलली तर बदलणारा छोटा संकेतांक) वेळेसह साखळीत ठेवावे आणि मूळ फाइल तक्रारदाराकडेच राहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात हॅशमूल्य द्यावे लागतेच, त्यामुळे रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात जाताना ही तयारी उपयोगी पडावी. अर्थात, हॅश जुळल्याने फाइल नंतर बदललेली नाही एवढेच कळते. ती मुळात बनावट होती का आणि खाते कोण चालवत होते, हे पोलिसांनाच शोधावे लागेल.