अल्टरनेटर मोठा बसवला, आता बेल्ट कुठला घेऊ? (डिझेल पिकअप, देवगड)

विजयदुर्ग_रोड
नमस्कार मंडळी. देवगडहून कोल्हापूरला मासे नेतो, स्वतःची डिझेल पिकअप आहे, नऊ वर्षं जुनी. मे महिन्यात मागे १२ व्होल्टचा फ्रीझर बसवला. पावसात पहाटे करूळ घाट चढताना फॉग लॅम्प, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असतं आणि वर फ्रीझर, त्यामुळे गगनबावड्याला पोचेपर्यंत बॅटरी पार बसायची. म्हणून इलेक्ट्रिशियनने ६५ अँपिअरचा मूळ अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवतो तो) काढून १२० चा बसवून दिला. बेल्ट तोच ठेवला, ६पीके१०४०.

तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. सकाळी स्टार्ट केली की चिर्र चिर्र, पाण्यातून गाडी गेली की किंचाळल्यासारखा आवाज, आणि घाटात दोनदा बॅटरीचा दिवा लुकलुकला. दोन महिन्यांत बेल्टच्या कडेचे दोरे सुटले. त्याच नंबरचा नवीन घातला तर महिन्याभरात पुन्हा बॉनेटखाली काळी भुकटी. गॅरेजवाला म्हणतो नवीन आहे, बसेल हळूहळू, आणि बेल्टवर स्प्रे मारून दिला, दोन दिवस आवाज गेला, तिसऱ्या दिवशी परत. दुकानात विचारलं तर एक जण म्हणाला सात रिबचा (बेल्टच्या आतल्या उभ्या धारा) घे, एक जण म्हणाला महागातला घे. सात घेऊ की लांबी कमी करू? पहाटे साडेतीनला निघतो, घाटात तुटला तर माल जाणार आणि गाडीही अडकणार. कोणी असा मोठा अल्टरनेटर बसवलाय का?

सड्यावरचा_फिटर
भाऊ, बेल्ट नंतर, आधी गाडी बंद असताना चार गोष्टी बघा आणि इथे लिहा. जुन्या आणि नव्या अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास, पुलीवर खाचा किती, नवी पुली बाकीच्या पुल्यांच्या एका रेषेत आहे की पुढेमागे, आणि टेन्शनरवरची (बेल्ट ताणून धरणारी स्प्रिंगची चाकी) खूण कुठे आहे ती.

नंबरचा अर्थ सांगतो म्हणजे दुकानात कोणी काहीही गळ्यात मारणार नाही. ६ म्हणजे सहा रिब, पीके म्हणजे रिबचा आकार, त्यात दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिमी असतं, आणि १०४० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. काही बेल्टवर लांबी इंचात छापलेली असते, के०६०४१० असं काहीतरी, तिथे ०६० म्हणजे सहा रिब आणि ४१० म्हणजे ४१.० इंच, म्हणजे साधारण १०४१ मिमी. दिसायला नंबर वेगळा पण बेल्ट जवळपास तोच.

मोठ्या अँपिअरच्या अल्टरनेटरला बरेचदा बारीक पुली येते, म्हणजे गाडी उभी असतानाही तो जोरात फिरावा आणि करंट मिळावा. पण पुली बारीक झाली की बेल्टला फिरायला लागणारी वाट कमी होते आणि जुनी लांबी सैल पडते. टेन्शनर थोडं सांभाळून घेतो, तो शेवटाला टेकला की मग घसरतो. वर भार पण वाढलाय. १२० अँपिअर पूर्ण ओढले तर १४ व्होल्टला साधारण १७०० वॅट वीज झाली, अल्टरनेटर त्यात बराच उष्णतेत घालवतो, त्यामुळे इंजिनकडून ३ किलोवॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे चार हॉर्सपॉवर. पूर्वी याच्या निम्मी ओढ होती. ती सगळी एका बारीक पुलीवरच्या अर्ध्या वेढ्यातून जायची, तिथे ताण कमी असेल तर घसरणारच.

तो स्प्रे परत मारू देऊ नका. रिबवाल्या बेल्टवर तो चिकट थर करतो, त्यात आपल्याकडची लाल माती बसते आणि बेल्ट खायला लागते. मारलाय म्हणताय तर पुल्यांच्या खाचा साबणाच्या पाण्याने ब्रश लावून धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

दापोली_होमस्टे
भाऊ, माझ्या गाडीचा अल्टरनेटर मोठा नाहीये पण आवाज अगदी असाच होता म्हणून लिहितेय. पावसाळ्यात पर्यटक नसतात तेव्हा माझी गाडी समुद्राकडच्या शेडमध्ये दीड महिना उभी होती. गणपतीच्या आधी चालू केली तर नवा बेल्ट आठवड्यात घासला. मेकॅनिकने पुली दाखवली, खाचांमध्ये गंजाचा खरखरीत थर, बोट फिरवलं की पॉलिशपेपरसारखं लागत होतं. वायरब्रशने साफ करून घेतल्यावर पुढचा बेल्ट नीट चालला. खाऱ्या हवेत बेल्ट बदलताना पुलीला बोट लावून बघाच.

आणि हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, त्यांना जुन्या बेल्टसारख्या चिरा पडत नाहीत, रिब आतून झिजत जातात, टायरची नक्षी जाते तशा. त्यामुळे चिरा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला असं धरू नका.

विजयदुर्ग_रोड
फिटरदादा, ताई, खूप उपकार. काल दुपारी सगळं मोजलं. इंजिनाची मोठी पुली १५०, जुन्या अल्टरनेटरची पुली ६६ आणि नवी ५८ मिमी. खाचा सगळीकडे सहाच. टेन्शनरवर बाण आहे आणि बॉडीवर दोन रेघा, बाण सैल बाजूच्या रेघेच्याही बाहेर गेलाय. मोबाईलचा टॉर्च लावून स्टीलची पट्टी दोन पुल्यांवर आडवी धरली तर अल्टरनेटरची पुली रेडिएटरकडे ३ मिमी पुढे आलीये. बेल्ट तिथे शिरताना एका बाजूला कलतो ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि त्याच कडेचे दोरे निघालेत.

सुंभ लावून पण मोजलं, १०५२ आलं. दुसऱ्यांदा मोजलं तर १०४६.

सड्यावरचा_फिटर
सुंभ ताणला की वाढतो, तो सोडा. घराच्या वायरिंगची एकेरी तांब्याची वायर घ्या, टेन्शनर दोन रेघांच्या मधोमध धरा, वायर बेल्टच्याच वाटेने फिरवा, दोन्ही टोकं जुळतात तिथे पक्कडने वाकवा आणि सरळ करून मोजा. तरी तो अंदाजच, कारण छापलेली लांबी एका ठरलेल्या रेषेवर मोजतात आणि बेल्टच्या पाठीवरून टेप धरली तर थोडी जास्त येते.

त्यापेक्षा हिशोब बरा. बेल्ट अल्टरनेटरला साधारण अर्धा वेढा घालतो. व्यास ८ मिमीने कमी झाला तर लांबी पाय (३.१४) च्या निम्मे गुणिले ८, म्हणजे १२ ते १३ मिमीने कमी लागते. १०४० मधून तेवढं गेलं की १०२८. बाजारात १०३० किंवा १०२५ जे मिळेल ते घ्या आणि टेन्शनरचा बाण दोन रेघांच्या मध्ये येतो का बघा. त्याहून आखूड ओढून बसवू नका, अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगचा जीव जाईल.

पण तुमचा मुख्य आजार हे ३ मिमी आहेत. तिरका बेल्ट कुठलाही घाला, कड जाणारच, आणि सकाळची चिर्र चिर्र त्याचीच असावी. खात्री करायची असेल तर गाडी चालू ठेवून रिबच्या बाजूला लांबून पाण्याचा हलका फवारा मारा, बाही आणि हात लांब ठेवून. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुली रेषेत नाही. आवाज उलट वाढला तर ताण कमी. तुमच्याकडे दोन्ही आहेत असं वाटतं.

मेस्त्री_कुडाळ
सात रिबचो पट्टो घेव नको रे. खाचो सहाच आसत, सातवी रिब भायर लटाकतली आणि फाटतली. तुझो पट्टो बारको नाय, पुली बारकी झाली आणि भायर इली. जुनी पुली गावता काय बघ, शाफ्ट सारखो आसलो तर तीच नव्या अल्टरनेटराक लाव, मगे १०४० चोच पट्टो चलात.

सड्यावरचा_फिटर
मेस्त्रींचं बरोबर आहे, सहा खाचांच्या पुलीवर सातचा बेल्ट नकोच. जुनी पुली लावायचा उपाय पण चांगला, फक्त एक विचार करा. १५० ला ६६ म्हणजे अल्टरनेटर २.२७ पट फिरतो, ५८ ला २.५९ पट. इंजिन ८०० वर असेल तर १८०० च्या आसपास आणि २०७० च्या आसपास. हा फरक गाडी उभी असतानाच कळतो. हायवेवर ६६ ची चालेल, पण तुमचा फ्रीझर हॉटेलच्या दारात गाडी उभी असताना चालतो, त्यामुळे मी ५८ च ठेवली असती.

वाशिष्ठी_काठ
चिपळूणहून. एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. २०२१ च्या जुलैतल्या पुरात माझी गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. अल्टरनेटर, बेल्ट सगळं नवीन घातलं आणि टेन्शनरची चाकी तीच ठेवली. आतल्या बेअरिंगमध्ये गाळ होता. कुंभार्ली घाटात चाकी जाम झाली, बेल्ट तुटला, वॉटर पंप त्याच बेल्टवर म्हणून तापमानाचा काटा लगेच वर चढला, स्टिअरिंगही एकदम जड झालं. बायको आणि मुलगी गाडीत होत्या, वळणावर गाडी कशी थांबवली ते मलाच माहीत. म्हणून बेल्ट काढलेला असतानाच प्रत्येक चाकी हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा चाकी डुगडुगली तर बदला, त्यात पैसे वाचवू नका.

दुसरं, डिझेलच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला एकाच बाजूला पकडणारी पुली असते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी. मूळ तशी असेल आणि नव्याला साधी ठोस आली असेल तर इंजिनाचे सगळे हिसके बेल्टवर येतात आणि टेन्शनर थडथडतो. जुन्या अल्टरनेटरचा रोटर धरून पुली दोन्हीकडे फिरवून बघा.

विजयदुर्ग_रोड
वाशिष्ठी दादा, वाचून अंगावर काटा आला. जुनी पुली बघितली, दोन्हीकडे घट्ट आहे, म्हणजे मूळची ठोसच. टेन्शनरची चाकी फिरवली तर खरखर होती, नवीन मागवली.

विजयदुर्ग_रोड
मंडळी, तीन आठवडे थांबून लिहितोय. नव्या अल्टरनेटरच्या पुलीमागे जाड स्पेसर (अंतर राखणारी कडी) होता, कणकवलीच्या लेथवाल्याने तो ३ मिमी कमी करून दिला, पुली हाताने फिरवून बॉडीला घासत नाही ते बघितलं, पट्टी धरली तर चारही पुल्या टेकल्या. खाचा घासून धुतल्या. बेल्ट ६पीके१०३० मिळाला, बाण दोन रेघांच्या बरोबर मध्ये आला. काढायच्या आधी बेल्टची वाट कशी जाते त्याचा फोटो काढला होता ते बरं झालं, लावताना एका चाकीवरून उलटा जात होता. बॅटरीची निगेटिव्ह काढून मगच हात घातला. चार्जिंगची वायर पण जुनी बारीक होती, ती जाड टाकली.

परवा तुफान पावसात करूळ चढलो. फॉग, वायपर, ब्लोअर, फ्रीझर सगळं चालू, वर पोचल्यावर गाडी उभी करून मीटर लावला, १४.१ व्होल्ट. आवाज नाही. बेल्टच्या कडा बोटाने चाचपल्या, गुळगुळीत आहेत, भुकटी नाही. सुरमई आणि कोळंबी कोल्हापूरला गार पोचली.

एकच विचारायचंय, १०४० चा जुना बेल्ट अर्धाच झिजलाय, तो स्पेअर म्हणून ठेवू का?

सड्यावरचा_फिटर
तो नको, आताच्या पुलीवर तो सैलच पडणार आणि कड पण गेलीये. १०३० चा एक नवीन घेऊन पिशवीत बांधून सीटमागे ठेवा, डिझेल ऑइलचा हात लागू देऊ नका, आणि टेन्शनर ओढायला लागतो तो पाना त्याच पिशवीत टाका.