चाळिशीनंतर पोहण्याच्या शर्यती: खेळ की हौस?

टवाळ_तात्या: गटात तीन स्पर्धक, तिघांच्या गळ्यात पदकं, संध्याकाळपर्यंत फेसबुकवर फोटो. ‘मास्टर्स’ जलतरण, म्हणजे मोठ्या माणसांच्या वयोगटवार शर्यती, हे हल्लीचं पैसेवाल्यांचं फॅड आहे. पोहा की निवांत, शर्यत कशाला?

डीप_एंड: हल्लीचं? अमेरिकेत पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा मे १९७० मध्ये टेक्ससमधल्या अमारिलोला झाली. कल्पना रॅन्सम आर्थर या नौदलातल्या डॉक्टरची. समोर शर्यत असली की माणूस व्यायामाला दांडी मारत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. जॉन स्पॅनथ या प्रशिक्षकानं ते मनावर घेतलं. वय किमान २५, पोहणारे अवघे ४६. एरवी कॉलेज संपलं की शर्यती संपायच्या. अमेरिकेचा जलतरणपटू मार्क स्पिट्झसुद्धा १९७२च्या ऑलिंपिकला सात सुवर्णपदकं घेऊन बाविसाव्या वर्षी मोकळा झाला! पैसेवाले कुठे दिसले तुम्हाला यात?

टवाळ_तात्या: ४६ जणांची सहल झाली ती. आणि तुमचा स्पिट्झ ४१व्या वर्षी परत उतरला, तेव्हा ऑलिंपिकची पात्रता वेळसुद्धा गाठता आली नाही त्याला.

डीप_एंड: अमेरिकेचीच डारा टोरेस. वय ४१च. बीजिंग ऑलिंपिक, २००८. तीन रौप्यपदकं. बोला.

सकाळची_बॅच: बीजिंग राहू दे बाजूला. आमच्या टँकवर या मास्टर्सवाल्यांनी दोन लेन अडवल्यात. फी आम्हीही तेवढीच भरतो. शेजारून बटरफ्लाय मारत जातात, आमच्या नाकातोंडात पाणी!

डीप_एंड: फास्ट लेनमध्ये भिंतीला टेकून सुनेची गाऱ्हाणी सांगत बसलं तर पाणी जाणारच.

सकाळची_बॅच: जीभ आवरा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. आणि मला सून नाही.

डीप_एंड: मग उथळ बाजूला, शॅलोत चाला ना!

सकाळची_बॅच: शॅलोत पोरांची शिकाऊ बॅच असते. कधी आलायत का सात वाजता?

टर्न_चुकली: माझी आई साठीनंतर पोहायला शिकली. चार थेंब पडले की दांडी. जिल्हा स्पर्धेत नाव दिलं आणि पहाटेचा गजर तीच लावायला लागली. पन्नास मीटरला शेवटून पहिली. कपडे बदलायच्या आधी विचारते, पुढची कधी?

टवाळ_तात्या: तिघींत तिसरी म्हणजे ब्राँझ. अभिनंदन.

टर्न_चुकली: पाच जणी होत्या. पदकबिदक काही नाही.

टवाळ_तात्या: बरं, काकूंना सूट. पण जागतिक स्पर्धा वगैरे थाट कशाला?

डीप_एंड: तो थाटही १९८६चा. टोकियो.

सकाळची_बॅच: टोकियोला जा नाहीतर अमारिलोला. दुसरी लेन कधी सोडताय?