फ्यूजनमध्ये बोर्डाच्या जांभळ्या रेघा स्केचमध्ये आपोआप घुसतात, उपाय काय?

डबीकार
रास्पबेरी पाय ४ या छोट्या सिंगल-बोर्ड संगणकासाठी थ्रीडी प्रिंटची डबी फ्यूजनमध्ये (ऑटोडेस्कचं थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअर) करतोय. बोर्डाची स्टेप फाइल (तयार थ्रीडी मॉडेल) आणली आहे. बोर्डाच्या वरच्या बाजूवर स्केच उघडलं की बाह्यरेखा आणि जीपीआयओ पिनांच्या ४० भोकांसकट सगळ्या कडा जांभळ्या होऊन आत येतात. त्यावर भिंत काढली की प्रोफाइलचे (रेघांनी बंद झालेल्या क्षेत्राचे) तुकडे पडतात, एक्सट्रूडला, म्हणजे क्षेत्राला उंची देताना, एकेक तुकडा निवडावा लागतो. स्केच पॅलेटमधली ‘शो प्रोजेक्टेड जॉमेट्रीज’ची खूण काढली, रेघा लपल्या, तुकडे मात्र तसेच.

मायक्रॉन
त्या खुणेने रेघा फक्त नजरेआड होतात, स्केचमधून जात नाहीत. प्रेफरन्सेस > जनरल > डिझाइनमध्ये जा आणि ‘ऑटो प्रोजेक्ट जॉमेट्री ऑन ॲक्टिव्ह स्केच प्लेन’ बंद करा. जवळच ‘ऑटो प्रोजेक्ट एजेस ऑन रेफरन्स’ आहे. माप देताना एखाद्या कडेला हात लागला की ती कड ओढून आणतो तो हाच, तोही बंद करा. यापुढे हवी तीच कड पी दाबून, म्हणजे प्रोजेक्ट कमांडने, स्केचमध्ये आणायची.

आधीच्या स्केचांवर याचा परिणाम होत नाही, तिथल्या रेघा निवडून डिलीट करा. ज्या रेघेवर माप टेकलेलं आहे ती डिलीट करू नका, एक्स दाबून कन्स्ट्रक्शन (नुसती आधाररेघ) करा. कन्स्ट्रक्शन रेघ प्रोफाइल कापत नाही आणि मापही टिकतं.

स्टँडऑफ
मुळात बोर्डाच्या पृष्ठभागावर स्केच उघडूच नये. डबीचा कंपोनंट ॲक्टिव्हेट करा, ओरिजिनच्या प्लेनपासून ऑफसेट प्लेन (ठरावीक अंतरावरची समांतर पातळी) घ्या, स्केच त्यावर. प्रोजेक्टमध्ये फिल्टर ‘स्पेसिफाइड एन्टिटीज’ ठेवा. ‘बॉडीज’ राहिलं तर अख्ख्या बॉडीची सावली येते. आणायची फक्त कोपऱ्यांतली चार भोकं, तीही कन्स्ट्रक्शन करून. आपल्याला त्यांचे मध्यबिंदू हवेत.

पाय ४ ला तर तेवढंही लागत नाही. बोर्ड ८५ × ५६ मिमी, भोकं २.७ मिमी व्यासाची, मध्यापासून मध्यापर्यंत ५८ × ४९, कडेपासून ३.५ आत. ही मापं चेंज पॅरामीटर्समध्ये नावानिशी घाला आणि स्टेप मॉडेल फक्त पडताळणीला ठेवा. बोर्डाची नवी स्टेप फाइल आणली की कडांची अंतर्गत ओळख बदलते, जुनी प्रोजेक्शन्स अनाथ होतात आणि टाइमलाइन (खालची कामाच्या पायऱ्यांची पट्टी) इशारा म्हणून पिवळी पडते. पॅरामीटरवर बांधलेल्या स्केचला त्याची झळ लागत नाही.

डबीकार
मग सगळ्याच रेघांवर ब्रेक लिंक करून, म्हणजे मूळ मॉडेलशी त्यांचा दुवा तोडून, टाकू का?

स्टँडऑफ
नको. ब्रेक लिंक केल्यावर रेघ मोकळी सुटते. माउसचा धक्का लागला तरी सरकेल आणि भोक अर्ध्या मिलिमीटरने चुकल्याचं प्रिंट हातात आल्यावर कळेल. करायचंच तर लगेच मापं देऊन बांधा. बोर्ड तुमचाच असेल, फ्यूजनच्याच इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलेला असेल आणि अजून बदलत असेल, तर लिंक राहू द्या. तिथे ती खरोखर कामाची आहे.

मायक्रॉन
बाजूच्या भिंतीतल्या कनेक्टरांकडे जास्त लक्ष द्या, खरा घोळ तिथे होतो. यूएसबी-सीचं कवच पातळ पत्र्याचं. त्याची आतली आणि बाहेरची कड दोन्ही प्रोजेक्ट झाल्या की मध्ये बारीक पट्टीसारखं वेगळं प्रोफाइल तयार होतं. एक्सट्रूड-कटमध्ये ते निवडायचं राहिलं की भोकाच्या आत पातळ कडं उभं राहतं, स्क्रीनवर चटकन दिसत नाही. इन्स्पेक्टमधलं सेक्शन ॲनालिसिस भोकाच्या मधोमध लावून बघा.

पाय ४ चा यूएसबी-सीचा मध्य बोर्डाच्या आखूड कडेपासून ११.२ मिमीवर आहे. तो बिंदू मापाने घ्या आणि स्लॉट स्वतः काढा. भिंत कनेक्टरच्या तोंडापुढे असेल तर भोक प्लगच्या प्लास्टिकच्या मापाचं हवं. त्याची कमाल मर्यादा १२.३५ × ६.५ मिमी, म्हणून १३ × ७.२ धरा. कवचाच्या मापाने भोक पाडलंत तर प्लग पूर्ण आत बसणार नाही.